गाळलेलं पत्र

सुकन्याला थोर माणसांचं वेडच होतं म्हणा ना! सांगलीत तिचे वडील, यशवंतमास्तर, जयंतीची भाषणं लिहून द्यायचे आणि ही पोर ती घडाघडा म्हणून ढाली पटकावायची. त्या भाषणांचा एक नियम होता: ज्याच्या फोटोला हार घातला, त्याच्याबद्दल वावगं बोलायचं नाही. ही खोड तिच्या हाडीमाशी मुरली.

तीच खोड घेऊन बाई जर्मनीत एर्लांगेनला पोचल्या. पीएचडीचा विषय, एकोणिसाव्या शतकातला हॅनिगन नावाचा आयरिश पुढारी. लंडनच्या पार्लमेंटात कुळांसाठी भांडणारा, त्यापायी तुरुंगात गेलेला. चार वर्षं सुकन्या सायकलवरसुद्धा हॅनिगनच घोकत होती.

आणि मग डब्लिनच्या दप्तरखान्यात ते पत्र सापडलं. हॅनिगनच्याच अक्षरात, आपल्या कारभाऱ्याला: माझ्या जमिनीवरच्या त्या विधवा कुळाला पोराबाळांसकट बाहेर काढ, तिच्या थोरल्यानं निवडणुकीत विरोधकाचा प्रचार केलाय. आणि तेही ऐन जानेवारीत! सुकन्यानं पत्राचा फोटो काढला, लॅपटॉपमध्ये टाकला आणि प्रबंधातून ते पत्र चक्क गाळलं. कुणाला कळणार होतं?

आज डिस्पुटात्सिओन, म्हणजे प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा. समोर चार परीक्षक, लॅपटॉपवर सांगलीहून बाबा. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी परीक्षकांपैकी फ्राऊ लिंडनर चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं, हॅनिगन स्वतः जमीनदार होता. त्याच्या कुळांबद्दल प्रबंधात एक ओळ नाही. काहीच सापडलं नाही?"

'नाही' म्हटलं की डॉक्टरेट खिशात. खरं सांगावं तर पुरावा दडवल्याचा ठपका, चार वर्षं पाण्यात. तिनं ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. लिंडनरबाई चष्मा पुसतायत, पुसतायत. किती पुसाल, अहो!

"सापडलं," ती म्हणाली. "मी गाळलं."

तिनं पत्र मोठ्या पडद्यावर लावलं, मजकूर थोडक्यात सांगितला. परीक्षक बाहेर गेले. वीस मिनिटं ती नुसती दाराकडे बघत बसली. परत येऊन लिंडनरबाईंनी निकाल सांगितला: आज पदवी नाही. प्रबंध नव्यानं लिहायचा, मग पुन्हा परीक्षा.

"काय झालं गं?" खोली रिकामी झाल्यावर बाबांनी विचारलं. त्यांना जर्मन ओ की ठो कळत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. "तुम्हाला मान खाली घालायला लावली मी, बाबा."

मास्तर म्हणाले, "त्या विधवा बाईचं नाव काय?"

ते सुकन्यानं लक्षातच ठेवलं नव्हतं. हॅनिगनच्या घोड्याचं नाव तिला पाठ होतं. डोळे पुसून ती पडद्याजवळ गेली आणि त्या बाईचं नाव शोधत पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.