आठ आकड्यांचं बिस्किट

बिस्किटांच्या कारखान्यात त्यांना सगळे बुडवेमास्तर म्हणायचे. हसू नका, कामच तसं होतं. भट्टीतून ट्रे निघाला की त्यातलं एक बिस्किट उचलायचं, गरम चहात अर्धं बुडवायचं आणि मनात आकडे मोजायचे. आठाला बाहेर काढलं की बिस्किट वाकलं पाहिजे, पण पडता कामा नये. आणि जिभेवर ठेवल्यावर दाताला काम उरता कामा नये. सव्वीस वर्षं हेच केलं. पोटात रोज इतका चहा, मग पित्त पाचवीला पुजलेलंच.

बायको चेष्टा करायची, "जगाची बिस्किटं बुडवता, पण घरी चहा आयता हातात लागतो." दोन वर्षांपूर्वी तिचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, चेष्टा संपली. घास गिळवेना. सुनेने पातळ-मऊ काय काय करून पाहिलं. सगळं ओठांच्या कडेने बाहेर. शेवटी मास्तरांनी चहात बुडवलेलं आपलं बिस्किट पुढे केलं आणि ते तिने गिळलं. त्यानंतर सकाळी चार, संध्याकाळी चार, वर थोडं दूध. तेवढ्यावर बाईचा जीव तगून होता. भरवायचे मास्तरच, कारण सुनेचा अंदाज चुकायचा. खोटं कशाला बोला, त्यांना याचा अभिमान होता.

मग कारखान्यात नवे साहेब आले. खोक्यात बिस्किटांचा चुरा होतो अशी दुकानदारांची ओरड होती, म्हणून त्यांनी तूप कमी केलं आणि भाजणं वाढवलं. नव्या मालाचा पहिला ट्रे मास्तरांपुढे आला. आठ झाले, दहा झाले, चौदाला कुठे बिस्किट वाकलं.

"उलट चांगलंच की, मास्तर," साहेब म्हणाले. "कपात पडलं म्हणून लोक बोंबलतात. टिकलं म्हणून कधी कुणी बोंबललंय?"

मास्तरांना पटलं. जन्मभर त्यांनी एकच धास्ती घेतली होती, बिस्किट पडायची. न पडणाऱ्याला काय नावं ठेवणार? त्या दिवशी घशाशी जळजळत होतं, म्हणून जिभेवर ठेवून बघायचं राहिलं. सही करून मोकळे झाले.

पंधरा दिवसांनी त्या मालाचा पुडा घरी आला. कारखान्यात आता ते चौदा मोजत. पण घरी मोजतंय कोण? बायकोला भरवत इकडचं तिकडचं बोलताना हात आपोआप आठाला वर यायचा. तसाच आला. बिस्किट वरून मऊ, आत खडा. तिने नेहमीसारखं तोंड उघडलं, गिळलं, आणि तुकडा अडकला. ओठ निळे पडले. सून धावली, तिला कुशीवर वळवून पाठीत थापट्या घातल्या, तेव्हा तो बाहेर पडला. मास्तर हातात कप धरून नुसते उभे.

"बाबा, बाजूला व्हा," सून म्हणाली. तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस मोजून पार लगदा केला. तिने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं. मग ते साहेबांकडे गेले, म्हणाले, जुन्या पद्धतीचा एक ट्रे तरी काढू द्या, घरात माणूस उपाशी आहे. साहेबांनी फाईल उघडून पुढे सरकवली. "मास्तर, पास तुम्हीच केलंय."

दहा दुकानं पालथी घातली तेव्हा धूळ खात पडलेला एक जुना पुडा मिळाला. घरी येऊन त्यांनी चहा केला, मनातल्या मनात नीट आठ मोजले. बिस्किट कसं झकास वाकलं होतं! तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या हाताकडे बघत होती, आणि डोळ्यांत निव्वळ भीती होती.

पाचव्या दिवशी दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घातली. आता सून नळीतून दूध सोडते आणि मास्तर उशाशी बसून राहतात. काल तिच्या हनुवटीवर थोडी लाळ ओघळली. ती पुसावी म्हणून त्यांनी रुमाल पुढे केला, तर तिने आपला धड हात कसाबसा उचलला आणि तोंडावर घट्ट दाबून धरला.

"द्या बाबा," सून हळूच म्हणाली, "मी पुसते."