नको म्हणणारं माणूस

गेल्या रविवारी दादाने मला माझा बीकन राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत पुरायला लावला. बीकन म्हणजे छातीवर पट्ट्यांनी बांधायचं लहानसं यंत्र. कोसळलेल्या बर्फाखाली कोणी गाडलं गेलं, तर इतरांनी आपल्या बीकनवरून त्याला शोधायचं. आम्ही दोघं गुलमर्गला स्कीइंगला जाण्याआधी दरवर्षी सुरूच्या झाडांजवळ हा सराव करतो. यंदा तो मला न घेता चालला आहे. माझा बीकन त्याच्या मित्राच्या छातीवर असेल.

वाळू उकरताना मला गेल्या हिवाळ्यातला खड्डा आठवत होता.

तेव्हा खूप बर्फ पडून लख्ख ऊन आलं होतं. पप्पांचा फोन आला, त्यांच्या मोबाइलवर हवामानात गुलमर्गपुढे सूर्याचं चित्र दिसत होतं. निर्मळच्या केळीच्या वाडीत वाढलेला माणूस. झोडपून पाऊस झाल्यावर ऊन पडलं की त्यांच्या लेखी संकट टळलेलं असतं. ताज्या बर्फावर ऊन तापलं की तो सैल होतो, हे मी फोनवर सांगितलं नाही. उगाच आईला झोप लागली नसती.

आम्ही चौघं होतो. दादा, त्याचे ऑफिसमधले दोन मित्र आणि मी. स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टच्या हद्दीबाहेर चढून गेलो आणि मोठ्या उताराच्या अलीकडे, तशाच पण छोट्या चढावर खड्डा खणला. त्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब मोकळा कापला, माथ्यावर फावडं ठेवलं आणि मी त्यावर थापट्या मारू लागले. आधी मनगटातून हलक्या, मग कोपरातून, मग खांद्यातून जोरात, अशी ती पद्धत. खांब जितक्या लवकर तुटेल तितका उतार बेभरवशाचा. आमचा मनगटातल्या थापट्यांनाच तुटला. वरचा थर सुरीने कापल्यासारखा सरळ घसरून माझ्या मांडीवर आला. खाली जाड साखरेसारखे सुटे दाणे होते.

एक मित्र म्हणाला, एका खड्ड्यावरून अख्खा डोंगर कळत नाही. ते खरंच आहे. समोरच्या उतारावर कोणाच्या तरी स्कीच्या ताज्या रेघाही होत्या. पण आमचा एक नियम होता. एकाने नको म्हटलं की सगळ्यांनी परतायचं, कारण विचारायचं नाही. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. तिघं माझ्याकडे बघत होते.

"नको," मी म्हणाले.

आम्ही परतलो. उतार कोसळला नाही. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खिडकीतून त्यावरून मजेत उतरणारी माणसं दिसली. "मॅडम, तुमचा डोंगर उभाच आहे," तो मित्र म्हणाला आणि दादा हसला. पुढे त्यांच्या ग्रुपवर पिझ्झा मागवायचा झाला तरी "आधी हिला विचारा" सुरू झालं. न कोसळलेला उतार कोणाचीच बाजू घेत नाही.

राजोडीला दादा स्वतःचा बीकन हातात धरून वाकून फिरत होता. फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "चेन पडली काय रे?" दादाने मान डोलावली, तर तेही चपलेने वाळू उकरू लागले. थोड्या वेळाने दादाने वाळूत खुपसलेली काठी यंत्राला लागली.

"सापडलं ना पटकन?"

"हो," मी म्हणाले. मग विचारलं, "तुमच्यात नको कोण म्हणणार?"

त्याने पट्ट्यातली वाळू झटकली.

"तू असलीस की जाणंच होत नाही गं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

आम्ही स्कूटरवरून गोखिवऱ्याला घरी पोचलो. आईने दारातच मला विचारलं, सगळं नीट आहे ना. दादा माझ्या मागे उभा होता.

"यंत्र चालतंय," मी सांगितलं.