पाचव्या गिअरच्या पुढे

पहाटेच्या धूसर उजेडात, पोफळींच्या शेंड्यांवर दव असतानाच, आमच्या ओट्यासमोरून नारळांनी भरलेला ट्रक निघतो. आधी पायांना जाणवणारी जमिनीची थरथर, मग जड घरघर, आणि त्या घरघरीच्या मधोमध अवचित पडणारा क्षणभराचा नितळ विराम. विराम संपला की आवाज एक पायरी खाली उतरतो आणि गाडी एक पायरी वेग घेते. गिअर बदललेला असतो. चहावर साय धरेपर्यंत मी हे विराम मोजत बसते. बोर्ली पंचतनकडे जाणारा सरळ रस्ता संपेपर्यंत ते सात होतात. पूर्वी चार व्हायचे.

ट्रक माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. दिवेआगरच्या वाड्यांमधले नारळ आणि सुपारी घेऊन वाशीला जायचं आणि परतताना सिमेंट भरून आणायचं, असा त्याचा तीस वर्षांचा परिपाठ. गाड्या बदलल्या, पण प्रत्येक गाडी पाच गिअरचीच. मी शेजारी बसून अनेकदा त्याच्यासोबत प्रवास केला आहे. डोळे रस्त्यावर, कान इंजिनाकडे आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर निवांत. त्या हाताकडे त्याने कधी पाहिलं नाही. घास तोंडाशी नेताना आपण तरी कुठे तोंड शोधतो? असं सहज ज्ञान अंगात मुरायला किती चढ आणि किती उतार लागत असतील, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मी शिक्षिका, मला फक्त पुस्तकातलं ज्ञान ओळखू यायचं.

आणि मला सुधारणेची भारी हौस. शाळेतून निवृत्त होऊन दादाकडे राहायला आले, तेव्हा सुधारायला मुलं उरली नव्हती. मग मी घरावर मोर्चा वळवला. त्याच सुमारास ट्रकचा जुना गिअरबॉक्स कुरकुरायला लागला. माणगावच्या मिस्त्रीने दोन वाटा सांगितल्या: जुन्याचेच दाते बदलून घ्या, नाहीतर आठ गिअरचा बसवा. घाटात दुसरा गिअर रडायचा आणि तिसरा टाकला की गाडी मरायची. जादा गिअर असले तर ही मधली पोकळी भरेल, डिझेल वाचेल, गाडीचे हाल थांबतील. मिस्त्रीचं म्हणणं खरंच होतं. दादा एवढंच म्हणाला, "ह्याला माझा हात ठावूक हाय, बाय." मी हसले. "जित्याची खोड," म्हणाले, आणि त्याचा होकार येईपर्यंत त्याच्या मागे लागले. आपल्या माणसाचं भलं करण्याच्या उत्साहात त्याला काय हवंय हे विचारायचं आपण किती सहज विसरतो!

नवा गिअरबॉक्स बसला. दांडा तसाच, जागाही जुन्याच. फक्त मुठीवर एक बटण आलं. बटण खाली असलं की जुन्या पाचांपैकी पहिल्या चार जागांवर पहिला ते चौथा, वर केलं की त्याच जागांवर पाचवा ते आठवा. एका उंबऱ्यावर जणू दोन बिऱ्हाडं. मी लाल आणि निळ्या शाईने तक्ता काढला आणि त्याच्यासमोर चिकटवला. साठीला आलेला माझा भाऊ पहिलीतल्या मुलासारखा तो वाचू लागला, आणि मला अभिमान वाटला. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

पुढे महिन्याभरात एका दुपारी आम्ही सिमेंट घेऊन घाट उतरत होतो. तीव्र उतार जवळ आला तसा दादाचा हात सवयीने तिसऱ्याच्या जागी गेला. पण बटण वरच राहिलं होतं; तिसऱ्याऐवजी सातवा पडला. गाडीला आवर घालणारं इंजिन एकाएकी हलकं झालं आणि मागचा सारा भार आम्हाला पुढे ढकलू लागला. त्याच्या कानांना ते कळलं असणार. तो ब्रेक दाबतच होता. पण माझी जीभ थांबली नाही. "दादा, बटण. बटण खाली कर." वर्गातला तोच करडा स्वर.

त्याने मान वळवून मुठीकडे पाहिलं. त्याला तिकडे पाहताना मी प्रथमच पाहिलं. ब्रेकच्या जळक्या वासात गाडी कडेला थांबली. कुणाला काही झालं नाही. त्याने बटण खाली केलं, हळू गिअर टाकला आणि गाडी सुखरूप घरी आणली.

दुसऱ्या दिवशी त्याने चावी गावातल्या एका तरण्या ड्रायव्हरच्या हाती दिली. दादा घाबरला, असं मला वाटलं. चार दिवस समजुती घातल्या: चूक कुणाचीही होते, सरावाने जमेल. अखेर तो शांतपणे म्हणाला, "घाबरलो न्हाय गं. तू बरोबरच सांगितलंस. पन माझा गिअर मला दुसऱ्यानं सांगायचा, म्हंजे मी डायवर कसला?" करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी जुना गिअरबॉक्स परत बसवूया म्हटलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. हातावरचा विश्वास कुठल्या मिस्त्रीकडे बसवून मिळणार होता?

आता दादा पहाटे माझ्या शेजारी ओट्यावर बसतो. ट्रक निघतो. त्याची नजर वाडीत कुठेतरी असते, पण डावी मूठ मांडीवर अलगद वळलेली असते. पहिल्या विरामाला ती मूठ सरकते. दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला सरकते, नेमक्या जुन्या जागी. मग पाचवा विराम येतो. मुठीला पुढची जागा ठाऊक नसते. ती थांबते, उघडते आणि मांडीवर पालथी होते. गाडी पुढे जात राहते. अजून तीन गिअर बाकी आहेत, हे मला कळत असतं. मी बोलत नाही.