कापूसमावशींची दुलई

कापूसमावशींच्या केसांत कायम कापसाचा पुंजका अडकलेला असायचा. सुपरमार्केटच्या रांगेत सगळ्यांच्या तोंडावर मास्क, पण मी त्यांना लांबूनच ओळखायचे. हाक मारली की त्या डोकं झटकत आणि आयरिश लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणत, पुंजका तिथेच.

त्या जपानच्या. आयरिश माणसाशी लग्न करून आयर्लंडमधल्या डून लेरीत आल्या, आमच्या शेजारीच राहत. कापूसमावशी हे नाव माझ्या आईने ठेवलेलं. आई यवतमाळची, २०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडे आली आणि विमानं बंद झाल्यावर अडकलीच.

मावशींचे यजमान मार्टिन नर्सिंग होममध्ये होते. भेटायला बंदी. थंडी पडायच्या आत त्यांच्या अंगावर आपल्या हातची दुलई पडायला हवी, हा एकच ध्यास मावशींनी घेतला होता. बहिणीने गावाहून पाठवलेला कापूस घेऊन त्या मागच्या अंगणात बसत. दोन लाकडी रुळांतून सरकी काढायची, मग छोट्या धनुकलीने पिंजायचं. त्यांच्या गावी हे बायकांचंच काम. दुकानात तयार दुलया मिळतात की हो, मी एकदा म्हटलं.

"मिळतात. पण पायाशी जास्त कापूस लागतो, हे दुकानाला कुठे माहीत? त्याचे पाय गार पडतात."

एकदा त्यांनी पिंजलेला कापूस आईला बघायला म्हणून मधल्या भिंतीवर ठेवला. आईला वाटलं, देवासाठी दिलाय. दुपारभर बसून तिने त्याच्या फुलवाती वळल्या आणि ताट भरून परत केल्या. मी कपाळावर हात मारला! माफी मागून वाती कशासाठी असतात ते सांगितलं. मावशींनी एक वात तळहातावर घेतली. मग दिवा कोणासाठी लावता, असं त्यांनी विचारलं. घरातल्या माणसांसाठी, मी म्हटलं. त्यांनी एकही वात उलगडली नाही. दुलईत छातीपाशी तशाच मांडून शिवल्या.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी दुलई नर्सिंग होमच्या दारात पोचती केली. जानेवारीत मार्टिन गेले. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून आम्ही शेजारी रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, त्यांची शवपेटी घेऊन गाडी सावकाश पुढे गेली. साथीच्या नियमांमुळे दुलई परत मिळाली नाही, नष्ट करावी लागली. ते ऐकून मला रडूच आवरेना. एवढे कष्ट वाया गेले, म्हणत राहिले.

"वाया नाही," मावशी म्हणाल्या. "शेवटी त्याच्याजवळ ती होती. मला आत जाऊ देत नव्हते."

मग उरलेला ओंजळभर कापूस भिंतीवर ठेवून त्यांनी आईकडे पाहिलं आणि वात वळतात तशी बोटं फिरवली. आईने पदराने डोळे पुसले आणि पहिली वात हळूहळू वळून दाखवली.