दाराआडची केरसुणी

मस्कतच्या हॉटेलात स्वयंपाक करतो. मालकाच्या कृपेने पहिल्यांदाच सहलीला सुट्टी मिळाली. बर्फ बघायला निघालोय. तिकिटं काढताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "प्रवासाचा विमा घ्यायचा का?" आजारपण, अपघात, हरवलेली बॅग! माझ्या मनातल्या सगळ्या भीत्या त्यांच्याकडे छापून तयार. मी सातवीत शाळा सोडलेला, मला काय कळणार? गावी आईला व्हिडिओ कॉल लावला.

तिच्यामागे कांद्याची सालं पडलेली, केरसुणी दाराआड.

"अगं, केर नाही काढलास?"

"तुझी वहिनी माहेरी निघालीय. पोचल्याचा फोन आल्याशिवाय कसा काढू?"

माणूस प्रवासाला निघाल्यावर लगेच झाडू नये, हे ठाऊक होतं. पण फोन येईपर्यंत?

"मी मस्कतला आलो तेव्हा?"

"दीड दिवस घर पारोसं होतं," आई हसली.

मी विमानात घाबरून बसलो होतो आणि तिकडे माझ्यासाठी कचरासुद्धा जपला जात होता! विमा कंपनीत कुणी असं खोळंबून बसत असेल का?

"मग विमा नको ना?"

"घे रे बाबा. तू आठ दिवस डोंगरात हिंडणार. मी एकटी कुठवर पुरू?"

विमा काढला. पोचल्या पोचल्या फोन मात्र आईलाच करायचा. घर झाडायचं खोळंबलेलं असेल.