बोदलकशाच्या वाटेवर पाच मिनिटं

हसणार असाल तर चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. आमच्या बाररूममध्ये एकाला लागला होता.

मी गोंदियात वकिली करतो. रविवारीसुद्धा पक्षकार घरी ठाण मांडून. बोदलकशाचा तलाव दाखवायचं वचन लग्नापासून प्रलंबित. शेवटी बायको, सुषमा, शांतपणे म्हणाली, "मलाही एक तारीख द्या. आणि या वेळी पुढे ढकलू नका." तो आवाज ऐकून मी खरंच घाबरलो.

ठरवलं, आता वेळेचं नियोजन करायचं. वाटेतच माझा पक्षकार तुळशीराम बिसेन याचं गाव. त्याचा सख्ख्या भावाशी, मोतीरामशी, धुऱ्याचा म्हणजे शेताच्या बांधाचा दावा. जाता जाता जागा पाहिली की वेगळी खेप वाचली!

"पाचच मिनिटं," मी सुषमाला म्हटलं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. नवरेमंडळी, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?

वेळ वाचवायचा म्हणून गाडीची काच खाली करून एकाला एवढंच विचारलं, "बिसेनांचं घर?" अहो, अर्धं गाव बिसेनांचं! त्या माणसाने समोरचंच दाखवलं.

दारातल्या बाईंनी गाडीवरचं वकिलाचं चिन्ह पाहून पदर सावरला. "या जी, वकीलसाहेब. घरचे वावरात गेले, येऊनच राहिले. बाईलेबी आणलं, बरं केलं."

आत तेल तापलं. पाहुणा आला की उडदाचे बडे तळायचे, ही तिकडची रीत. ते असे खुसखुशीत, की मी पाच मिनिटं विसरलो.

तेवढ्यात दारात तुळशीराम. माझाच पक्षकार, पण आला शेजारच्या घरातून.

"साहेब, तुमी मोतीरामच्या घरी बडे खाऊन राहिले?"

म्हणजे बाईंनी मला आपला वकील समजलं, आणि मी त्यांना तुळशीरामची बायको! बाहेर कुणीतरी ओरडलं, "तुळशीरामचा वकील फुटला रे!" एवढ्या वर्षांची अब्रू एका बड्यापायी जाणार होती. मी खोकत म्हणालो, "समेटाची बोलणी करायला आलोय."

आता हे मी कशाला बोललो? मोतीराम वावरातून धावतच आला. "समेट? मी तं कधीचा तयार आहो. आधी वकील यानंच लावला."

"कायले लावला, ते सांग ना!" तुळशीराम तडकला. दोघं एकमेकांवर, आणि मी मधे बशी धरून उभा.

भांडण ऐकून तुळशीरामची बायकोही आली होती. सुषमा दोन्ही जावांना घेऊन चुलीपाशी बसली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "भांडण धुऱ्याचं नाहीच. धुऱ्यावर तूर लावतात, तिचं आहे. एक वर्ष हे तोडतील, एक वर्ष ते. जावांचं ठरलंय."

मोतीरामने बड्यांचं ताट पुढे सरकवलं. मग तुळशीरामने ताटातला एक बडा उचलून खाल्ला. माझा चालता दावा तिथंच निकाली निघाला.

बोदलकशाला पोचलो तर अंधार. पाणीसुद्धा दिसेना. सुषमा तरी हसत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची लाजही.

सोमवारी तुळशीराम दावा मागे घ्यायला कोर्टात आला. म्हणाला, "साहेब, माया साडभावाचाबी एक दावा आहे."

साडभाऊ म्हणजे साडू. मी लगेच पेन काढलं.

"तुमी राहू द्या जी. बाई कोणत्या दिवशी बसतेत?"

घरी येऊन सुषमाला निरोप दिला.

"सोमवार ते शनिवार," ती म्हणाली. "रविवारी मला बोदलकसा पाहायचाय. आणि वाटेत तुम्ही काच खाली करायची नाही."