खड्ड्यातलं वाळुंज

तुमच्या लग्नात ज्या झाडाची फांदी देवक म्हणून पुजली, ते झाड आज कुठे उभं आहे, सांगू शकाल?

मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. वाळूउपसा नुकताच यंत्रांवर गेला होता, त्या वर्षी मी शिरूरहून एसटीने मांडवगण फराट्याला निघाले. निमित्त होतं मैत्रिणीच्या, मंगलच्या, भावाच्या लग्नाचं. पिशवीत मात्र आहेराखाली वाळूउपशाविरुद्ध मीच लिहिलेली पत्रकं होती. कंडक्टरला एक दिलं. त्याने मागची कोरी बाजू पाहून समाधानाने खिशात घातलं.

पोचताच शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) पुढे आली. पहिल्याच घासाला तोंड भाजलं. तेवढ्यात मंगलचे वडील, आप्पा, येऊन मटकन बसले.

"देवक मिळंना. हळद कशी लावायची?"

या घराचं देवक वाळुंज. नदीकाठच्या वाळूत वाढणारं, निमुळत्या पानांचं, पुरात आडवं होऊन पुन्हा उठणारं झुडूप. त्याची फांदी मांडवाला बांधल्याशिवाय हळद नाही. पण अलीकडच्या काठावर वाळूच उरली नव्हती, तिथे वाळुंज कुठलं?

"पल्याड एक हाय म्हणत्यात," आप्पा म्हणाले, "दौंडच्या अंगाला."

होडीत आम्ही पाच जण बसलो: आप्पा, एक हलगीवाला, मी, मंगल आणि तिचा नवरा. देवक आणायचा मान लेक-जावयाचा. त्यांच्या पदर-उपरण्याची गाठ फांदी येईतो सुटता कामा नये. जावईबापू होडीतून ढांगा टाकत उतरले.

"हळू चाला की! मी काय दाव्याची शेळी हाय व्हय?" मंगल ओरडली.

पलीकडे प्रचंड खड्डा होता. त्याच्या मधोमध दोन पुरुष उंचीचा वाळूचा एकच खांब, आणि त्यावर, मुळ्या लोंबत असलेलं वाळुंज. बाजूला जेसीबी. पांढऱ्या कपड्यांतल्या ठेकेदाराने झुडपाला हात जोडले.

"आमचं बी देवक हेच. देवकाला धक्का लावायचा न्हाई, म्हणून सोडलं."

"आणि मुळाखालची वाळू?"

"वाळू थोडीच देवक हाय, ताई?"

मी त्याला पत्रक दिलं. त्याने ते कपाळाला लावून घेतलं आणि मंगल-जावईबापूंना जेसीबीच्या बकेटात बसवून वर उचलायची तयारी दाखवली. मी आडवी आले. ज्या यंत्राने काठ खाल्ला, त्यातून देवक आणायचं?

"मग कसं जावं, पोरी? उडून?" आप्पांनी विचारलं.

"मी पायऱ्या करते," म्हणत मी खांबावर चढू लागले. तिसऱ्या पावलाला कड ढासळली. मी कमरेइतकी वाळूत गेले आणि वर वाळुंज कललं. हलगी थांबली.

"ऱ्हा बाबा उभा," आप्पा पुटपुटले. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

ठेकेदार धावला. मला ओढून काढून त्याने बकेटभर वाळू खांबाच्या बुडाशी ओतवली. नदीला त्याने परत दिलेली ती बहुधा पहिलीच वाळू.

"आमच्या मशिनीनं इतक्या दिसांत पाडलं न्हाई, आन् तुमी एका पायात पाडत हुता!"

मी अंगावरची वाळू झटकत बाजूला झाले. जोडी बकेटात चढली.

"भाभीजी, नीचे मत देखना," बिहारचा ड्रायव्हर म्हणाला.

मंगल खुशाल खाली पाहत होती. जावईबापूंनीच डोळे मिटले होते, हातात कुऱ्हाड.

"अवो, डोळं उघडा! माझा हात तोडाल!"

फांदी तुटली, हलगी कडाडली. संध्याकाळी नवरदेव पिवळाधमक झाला.

लग्नानंतर देवक उठलं. आप्पा ती फांदी पाण्यात सोडायला निघाले. तिची साल अजून हिरवी होती. वाळुंजाची फांदी ओल्या वाळूत खोचली तर मुळं धरते, हे मी सांगून पाहिलं.

"सोडायचं म्हंजी सोडायचं. रीत हाय."

"नदीलाच द्यायचं ना, आप्पा? मग उभं द्या."

आप्पा धोतर खोचून गुडघ्यावर बसले आणि कडेच्या उरल्यासुरल्या ओलीत त्यांनी फांदी हातभर आत दाबली.

परतीच्या एसटीत पत्रकं तशीच मांडीवर होती. पलीकडचा तो खांब एकाही पुरात टिकणार नाही, हे मला दिसत होतं. देवकाला हात जोडायचे आणि त्याच्या पायाखालची जमीन विकायची, याला मी भक्ती म्हणणार नाही.

म्हणून एवढंच करा. तुमच्या घरी वाळुंजाचं देवक उठलं, की ते वाहू देऊ नका. ओली वाळू शोधा, फांदी हातभर खोल रोवा, शेळ्यांसाठी भोवती काटे लावा. आणि ती वाळू कुणी उचलायला आलं, तर मांडवातली सगळी माणसं घेऊन तिथे उभे राहा.